आईचे थेंब, दादाचा कॅमेरा आणि दोन बोलके डबे

२०२४ च्या मे महिन्यात आईच्या उजव्या डोळ्याचं प्रेशर २६ आलं, साधारण १० ते २१ च्या आत असायला हवं ते, आणि डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला की थेंब वेळेवर पडतायत ना. आई म्हणाली, पडतात की. घरी येऊन मी बाटल्या उजेडात धरून बघितल्या तर उघडल्यापासून महिन्याभरात संपायला हवी ती बाटली दीड महिना होऊनही अर्धी भरलेली. आई खोटं बोलत नव्हती, तिला खरंच वाटत होतं की आपण घातले, फक्त ते काल घातले की आज घातले हे तिचं तिलाच सांगता येत नव्हतं.

आई ७४ वर्षांची, वाईत एकटी राहते, जुनं घर, पुढे ओसरी मग माजघर मग स्वयंपाकघर आणि मागे परस. काचबिंदू दोन्ही डोळ्यांना आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात कडेची नजर हळूहळू जाते आणि गेलेली परत येत नाही, थेंबांनी जे काही होतं ते एवढंच की उरलेली नजर टिकवायची. म्हणून थेंब चुकणं हे एखाद्या दिवशी कॅल्शियमची गोळी विसरण्यासारखं नाही. तिच्या तीन बाटल्या आहेत. पहिली सकाळी सात आणि रात्री नऊ, दुसरी फक्त रात्री पण पहिलीनंतर किमान पाच मिनिटं थांबून, कारण लगेच घातली तर पहिलं औषध वाहून जातं, आणि तिसरी दुपारी डोळे कोरडे पडू नयेत म्हणून. बाटल्या सगळ्या करंगळीएवढ्या, पांढऱ्या, लेबलावरची अक्षरं मलाच चष्मा लावून वाचावी लागतात. फोनमध्ये अलार्म लावून बघितला होता, पण फोन असतो ओसरीत आणि आई असते मागे, आणि स्क्रीनवरचं ते छोटं बटण तिला दिसत नाही म्हणून ती फोन उशीखाली ठेवून मोकळी व्हायची.

दादा टोरांटोला असतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला सोपं आहे, आवाजावर चालणारा मोठा स्क्रीनवाला डिस्प्ले घेऊ, कॅमेरा असलेला, म्हणजे मला कधीही आई दिसेल, थेंब घातले का तेपण दिसेल, मी इथूनच घेऊन पाठवतो. मी पुण्याची, दर दुसऱ्या शनिवारी दीड-दोन तासात वाईला पोचते, मला वाटत होतं हाक मारली की उत्तर देणारा, स्क्रीन नसलेला साधा स्पीकर पुरे. पुढचे दोन आठवडे आमचं फोनवर हेच चाललं होतं, आणि त्यात आईला कुणीच काही विचारलं नव्हतं. हे लिहायचं खरं कारण तेच. स्पीकरचा आवाज कसा, स्क्रीन किती इंची हे सगळं शोधताना आम्ही ज्या बाईच्या घरात ते ठेवणार तिचा दिवस कसा जातो, ती कुठल्या भाषेत बोलते आणि तिला काय नको आहे हे शेवटी विचारलं, आणि निर्णय मात्र त्याच गोष्टींवर झाला.

एका शनिवारी मी वही घेऊन सकाळी साडेपाचपासून तिच्या मागे मागे फिरले. ती दिवसातले चारेक तास स्वयंपाकघरात, तासभर देवघरात, दुपारी माजघरात आडवी, संध्याकाळी ओसरीत खुर्चीवर. परसात सकाळचा अर्धा तास, फुलं तोडायला. किती वाजले हे तिने त्या दिवशी मला नऊ वेळा विचारलं! भिंतीवरचं घड्याळ तिला आता नीट दिसत नाही हे मला त्या दिवशी कळलं, ती कधी बोललीच नव्हती. रेडिओ तिचा जुना, स्टेशन लावायचं चाक फिरवताना काटा दिसत नाही म्हणून तो बंद पडून होता. म्हणजे थेंब ही एक गोष्ट, पण वेळ विचारणं, आकाशवाणी ऐकणं आणि दादाशी बोलणं या अजून तीन, आणि चारही गोष्टी वेगवेगळ्या खोल्यांत.

पर्याय त्या वेळी आमच्यासमोर असे होते. साधा स्पीकर म्हणजे अमेझॉनचा एको डॉट, पाचवी पिढी भारतात आली तेव्हा ५,४९९ ला आली होती, सेलमध्ये कमी होते. गुगलचा नेस्ट हब, सात इंची स्क्रीन, दुसरी पिढी २०२२ मध्ये इथे ७,९९९ ला आली, त्याला कॅमेरा नाहीच, आणि यूट्यूब त्यावर छान चालतं. आणि दादाच्या मनातला एको शो ८, आठ इंची, कॅमेऱ्यासकट, त्याची दुसरी पिढी १३,९९९ ला आलेली. पाच इंचीवाला पण आहे पण ज्या बाईला घड्याळ दिसत नाही तिला पाच इंचाचा काय उपयोग, तो लगेच बाद केला. कॅनडाहून पाठवायलाही मी नाही म्हटलं, प्लगची पिन वेगळी, वॉरंटी तिकडची, काही बिघडलं तर वाईत बसून मी काय करणार.

भाषेचं आता जरा सविस्तर सांगते कारण इथेच बहुतेक लोक फसतात. माझ्या फोनवर गुगल असिस्टंट, म्हणजे बोललं की उत्तर देणारा गुगलचा मदतनीस, मराठीत बोलतो, २०१८ पासून बोलतो, त्यामुळे मी धरून चालले होते की त्याच कंपनीचा स्पीकर घेतला की तोही मराठी बोलेल. तसं नाहीये. फोनवरची भाषांची यादी वेगळी आणि स्पीकर-डिस्प्लेची वेगळी. आम्ही घेतलं तेव्हा दोन्ही कंपन्यांच्या डब्यांवर इथल्या भाषा दोनच, इंग्रजी आणि हिंदी, मराठी कुठेच नाही. अमेझॉनच्या डब्यातून जी बोलते त्या अलेक्साला हिंदी आलं २०१९ मध्ये. दुकानातला मुलगा तर मला सांगत होता मॅडम सगळ्या भाषा समजतात, मी म्हटलं मराठीत बोलून दाखव, मग तो हिंदीत बोलला. म्हणून कुणी आईवडिलांसाठी घेत असेल तर आधी त्यांना त्यांच्या तोंडून पाच वाक्यं बोलायला लावा, आपण नाही बोलायचं, आपल्याला सवय असते यंत्राशी तुटक बोलायची.

आम्ही तेच केलं. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीकडून स्पीकर शनिवार-रविवारसाठी उसना आणला, हिंदीवर लावला आणि आईसमोर ठेवला. आई शाळेत असताना राष्ट्रभाषेच्या परीक्षा दिलेली बाई, तिचं हिंदी शुद्ध पण बोलायची पद्धत मराठी. ती आधी हाक मारायची, मग थांबायची, समोरून ओ येण्याची वाट बघायची, आणि मग सावकाश सगळी पार्श्वभूमी सांगून प्रश्न विचारायची. अगं अलेक्सा, हे बघ, मला ना आता डोळ्यात औषध घालायचंय. तोवर स्पीकरचा, ऐकतोय असं दाखवणारा दिवा विझलेला. हा दोष तिचा नाही आणि मला तिला शिकवायला लागलं याचं वाईट वाटलं, कारण माणसाशी असंच बोलतात. पण अर्ध्या दिवसात तिने चार वाक्यं पक्की केली. टाइम क्या हुआ. पाँच मिनट का टाइमर लगाओ. बंद करो. आकाशवाणी पुणे लगाओ. रविवारी सकाळी मी आंघोळीला गेले होते तर बाहेर आईचा आवाज, टाइम क्या हुआ, आणि उत्तर आल्यावर आई म्हणाली, बरं. ते बरं ऐकून मी ठरवलं की स्पीकर तर घ्यायचाच.

दादाच्या कॅमेऱ्याचा विषय मग मी तिच्यासमोर काढला. एको शोमध्ये ड्रॉप इन म्हणून सोय आहे, ज्याला तुम्ही परवानगी दिली तो समोरच्याने फोन न उचलता थेट जोडला जातो, आवाज आणि चित्र दोन्ही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ती मोठी सोय आहे हे मला मान्य आहे, कुणी पडलं झडलं तर कळतं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे मी पदर सोडून पंख्याखाली बसलेली असले तरी तो एकदम दिसणार? मग म्हणाली, तुमचे बाबा सुद्धा खोलीत येताना दार वाजवून यायचे. यावर दादा गप्प झाला, मी स्पीकरफोनवर ठेवला होता म्हणून त्याने ऐकलं. तिने नाही म्हटलं नव्हतं बरं का, तिला नातवंडं बघायची होती, फक्त दार वाजल्याशिवाय नको होतं.

तिचा दुसरा प्रश्न होता हे सगळं कोण ऐकतं. तिला खरं तेच सांगितलं, की हाक मारल्यावर जे बोलतो ते कंपनीच्या सर्व्हरवर जातं, कधी कधी चुकून हाक ऐकली तर त्यानंतरचंही जातं, आणि २०१९ मध्ये हेही बाहेर आलं होतं की अशी काही रेकॉर्डिंग्ज या कंपन्यांची माणसं ऐकून तपासतात. अमेरिकेत मुलांचे आवाज साठवून ठेवले म्हणून २०२३ मध्ये अमेझॉनला अडीच कोटी डॉलर भरावे लागले. आई म्हणाली मग देवघरात आणि झोपायच्या खोलीत नको, बाकी मी काय बोलते, आमटीत मीठ किती ते. जागा अशी तिनेच ठरवली, एक स्वयंपाकघरात, एक ओसरीत.

घेतलं काय तर एक एको डॉट स्वयंपाकघरासाठी आणि एक एको शो ८ ओसरीसाठी. नेस्ट हबवर मी बरेच दिवस अडकले होते, कॅमेरा नाही म्हणजे आईच्या मनासारखंच, पण मग दादाचा व्हिडिओ कॉल परत फोनवर आला असता आणि फोन तर तिला दिसत नाही. शो ८ ला कॅमेऱ्यावर सरकवायची झडप आहे, हाताने सरकवायची, ती बंद असली की बंद, हे आईला बोटांनी चाचपून कळतं, स्क्रीनवर वाचावं लागत नाही. माझ्या दृष्टीने तो सगळा डिस्प्ले त्या झडपेवर पास झाला. व्हॉट्सॲप त्यावर नाही हे मात्र लक्षात ठेवा, दादाला फोनमध्ये अलेक्साचं ॲप घालून त्यातून कॉल करावा लागतो, आठवडाभर तो कुरकुरत होता.

डबे आणायच्या आधी घराचं काम निघालं. भिंती दगडी, दोन फुटाच्या, राऊटर ओसरीत आणि स्वयंपाकघरात वायफायची एक काडी. राऊटर माजघरात आणला, ओसरीतून केबल ओढून घेतली, आणि दोन्ही डबे २.४ गिगाहर्ट्झवर जोडले कारण ५ वालं वेगवान असलं तरी अशा भिंतीतून आरपार जात नाही. मग लाईट. या डब्यांना बॅटरी नसते, लाईट गेली की बंद. घरात इन्व्हर्टर होता पण त्यावर फक्त पंखे आणि ट्यूब, म्हणून वायरमनला बोलावून राऊटरचा आणि दोन्ही डब्यांचे पॉइंट त्या लाईनवर घेतले. तरीपण लाईट जाऊन इन्व्हर्टर सुरू होताना राऊटर दर वेळी रिस्टार्ट व्हायचा आणि दोन-तीन मिनिटं सगळं मुकं. वायरमनने इन्व्हर्टरच्या मागचं एक छोटं बटण दाखवलं, नॉर्मल आणि यूपीएस असं लिहिलेलं, ते यूपीएसवर टाकलं आणि तो त्रास गेला. आमचा इन्व्हर्टर आठ वर्षं जुना, ते बटण तिथे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

अकाउंट आईच्या नावाने, तिच्या फोन नंबरवर उघडलं. माझं अकाउंट वापरलं असतं तर माझ्या पार्सलच्या सूचना तिच्या स्वयंपाकघरात वाजल्या असत्या. ड्रॉप इन बंद, बोलून खरेदी बंद, रेकॉर्डिंग तीन महिन्यांनी आपोआप पुसलं जाईल असं ठेवलं. दादाला गिझरसुद्धा आवाजावर हवा होता, त्याला नाही सांगितलं. बाजारातला साधा स्मार्ट प्लग ६ अँपिअरचा, २३० व्होल्टला गुणलं तर १,३८० वॉट, आणि आमचा गिझर २,००० वॉटचा, तो प्लग जळला असता. १६ अँपिअरवाले मिळतात पण ७४ वर्षांच्या बाईच्या बाथरूममध्ये कोणीतरी टोरांटोहून गिझर चालू करतंय ही कल्पनाच मला पटली नाही.

बाटल्यांचं आम्ही रबरबँडने केलं. पहिलीला एक रबर, दुसरीला दोन, तिसरीला एकही नाही. बोटांना कळतं. मग स्पीकरवर आठवणी, म्हणजे रिमाइंडर, लावल्या, सकाळी सातला एक रबरवाली दवा, रात्री नऊला एक रबरवाली, नऊ पाचला दो रबरवाली. मुद्दाम अशी वाक्यं, छोटी आणि हिंदीत सरळ बसणारी, निळं झाकण पिवळं झाकण असलं काही नाही, ळ असलेले शब्द हिंदी आवाजाच्या तोंडी नकोतच.

पहिल्या आठवड्यात तरीही सकाळचे थेंब दोनदा चुकले. माझं डोकं फिरलं, एवढं सगळं करून! आईला विचारलं तर ती म्हणते वाजलंच नाही. मी राहायला गेले आणि सकाळी सातला स्वयंपाकघरात उभी राहिले. वाजलं, दोनदा बोललं आणि गप्प झालं, आणि आई त्या वेळी परसात जास्वंदीपाशी. आठवण आणि गजर हे दोन वेगळे प्रकार आहेत हे आम्ही लक्षात घेतलं नव्हतं, आठवण सांगून मोकळी होते, गजर बंद करो म्हणेपर्यंत वाजत राहतो. मग सातला गजर आणि दोन मिनिटांनी आठवण असं केलं. म्हणजे गजर वाजतो, आई परसातून येते, बंद करो म्हणते, पाट ओढून बसते तोवर कुठली बाटली ते ऐकू येतं. डॉट पण हलवला, तो मिक्सरच्या मागे कोपऱ्यात होता, भिंतीपासून वीतभर पुढे ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, शिट्टी होत असतानासुद्धा आता ऐकतो.

ओसरीतल्या डिस्प्लेवर मोठ्या आकड्यांचं घड्याळ ठेवलंय. आईची मधली नजर अजून चांगली आहे, त्यामुळे खुर्ची आणि स्क्रीन अगदी समोरासमोर लावल्यावर तिला आकडे दिसतात, एक हात बाजूला सरकवलं की नाही दिसत. ही जागा शोधायला आम्हाला अर्धा तास लागला, मी स्क्रीन सरकवायची आणि ती सांगायची, आता गेलं, आता आलं. खाली टेबलावर पांढऱ्या खडूची खूण केलीय, झाडलोट करणाऱ्या बाईंना सांगितलंय की पुसलं तरी डबा परत तिथेच.

एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते, ही वस्तू म्हणजे संकटातला फोन नाही. अलेक्साला १०८ लाव किंवा ११२ लाव म्हटलं तर इथे लागत नाही, साध्या फोन नंबरवरच कॉल जात नाही. दादाला वाटत होतं जातो. म्हणून आईच्या गळ्यात बटणांचा साधा मोबाईल आहे, दोनचं बटण दाबून धरलं की शेजारच्या काकू, तीनचं दाबून धरलं की मी. काकूंकडे घराची एक किल्ली आहे. आणि माजघरात जुनं चावीचं गजराचं घड्याळ सातला लावलेलं आहे, आई रोज रात्री त्याला चावी देते.

जुलैत एकदा रात्रभर लाईट नव्हती, इन्व्हर्टर पहाटे बसला, सकाळी डबे मुके. त्या दिवशी चावीच्या घड्याळावर थेंब पडले. आईने मला साडेसातला फोन करून सांगितलं की एक रबरवाली घातली, काळजी करू नको.

ऑगस्टमध्ये प्रेशर १९ आणि डिसेंबरमध्ये १७ आलं. डॉक्टरांनी मे महिन्यातच एक बाटली बदलून दिली होती, त्यामुळे सगळं श्रेय मी त्या डब्यांना देणार नाही, पण बाटली आता महिना संपायच्या आत संपते एवढं मी स्वतः उजेडात धरून बघते. वापराचं सांगायचं तर स्वयंपाकघरातला डॉट दिवसभर चालू, वेळ, टाइमर, सकाळी आकाशवाणी, गुरुवारी दत्ताची आरती. डिस्प्ले घड्याळ म्हणून आणि रविवारी रात्री साडेआठला टोरांटोचा कॉल, तिकडे तेव्हा सकाळ असते. आई आधी केस नीट करते, खुर्चीत बसते, रिंग वाजली की बोटाने झडप सरकवते. बोलणं झालं की परत सरकवून बंद, आणि दोनदा चाचपून बघते.

फक्त थेंबांसाठीच घ्यायचं असतं तर पाच हजारांच्या आत काम झालं असतं, बाकीचे पैसे दादाला आई नीट दिसावी म्हणून गेले, आणि मला ते योग्यच वाटतात. आता त्याचं म्हणणं आहे की निदान रात्री नऊ ते नऊ दहा एवढ्यापुरतं ड्रॉप इन चालू ठेव, थेंब घालताना मी बघेन. आईने अजून हो म्हटलेलं नाही.